सतरा नंबरचा ड्रायर

आधी नापास झाले, ते सांगते.
प्रश्न असा होता: माणूस घरूनच सही करून आलाय,
तुमच्यासमोर केलेली नाही,
पण तुम्ही त्याला वीस वर्षं ओळखता. काय कराल?
मी लिहिलं, शिक्का मारीन.
ओळखीच्या माणसाला नाही म्हणायचं
आम्हाला कुठं कुणी शिकवलंय?

दुसऱ्या खेपेचा अभ्यास लॉन्ड्रीतच केला,
सतरा नंबरच्या ड्रायरला पाठ लावून.
नेब्रास्काच्या जानेवारीत तो एकच धड तापतो.
कत्तलखान्याची रात्रपाळी सुटली की माणसं यायची,
बाह्यांना थंड चरबीचा वास,
आणि वारसामे, त्या सोमाली बाईचा धाकटा,
पुस्तकातले प्रश्न मला विचारायचा
शाळेतल्या मास्तरांसारखा, डोळे बारीक करून.
चुकले की हसायचा.
एका बरोबर उत्तराला साबणाची एक पुडी, असा भाव ठरला होता.
फेब्रुवारीपर्यंत त्यांच्या घरी साबण विकत आणला नाही कुणी.

पास झाले.
मग अर्ज, फी, बाँड,
आणि शपथ, तीही दुसऱ्या नोटरीसमोर,
कारण दही लावायला आधी दहीच लागतं.
बँकेतल्या मिसेस टिट्येननी चष्मा वर सरकवला,
म्हणाल्या, उजवा हात वर.
माझा डावा गेला.

शिक्का पोस्टानं आला, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा.
उलटा करून पाहिला तर त्यात माझं नाव उलटं:
ओतिलिया शितुमुल.
या गावात ते सुलटंसुद्धा
कुणी नीट वाचलं नव्हतं कधी.
खाली तारीख. चार वर्षांनी मी संपणार.
पहिला ठसा तळहातावर उमटवला.
असं करू नये, हे पुस्तकात कुठं नव्हतं.

भिंतीवर पाटी लावलीय, दोन भाषांत: मी वकील नाही.
आमच्या देशात हाच शब्द वकिलाच्याही वरच्या माणसाला लावतात,
म्हणून एउलोखिओ जाडजूड फाइल घेऊन आला,
टोपी काढून उभा राहिला.
मी पाटीकडे बोट केलं.
त्यानं ती सावकाश वाचली, दोन्ही भाषांतली,
आणि विचारलं, मग तुम्ही कोण?

मला पटकन सांगता येईना.
तू तूच आहेस, एवढंच सांगणारी बाई,
असं काहीतरी म्हणाले.
तो म्हणाला, ते तर मलाही माहितेय.

रबिनालमध्ये आईकडे एक माणूस आला होता, टाय लावून.
आईनं अंगठा उठवला
आणि ओढ्याकाठची मक्याची पट्टी गेली.
कागदावर लिहिलं होतं: वाचून दाखवलं, समजलं, मान्य.
खाली शिक्का. गोल, जांभळा.
खोटं कशाला बोलू, फार देखणा होता.

काल एक बाई आली, कडेवर पोर.
कागदावर चारच ओळी:
मी एखाद्या दिवशी कामावरून परतले नाही
तर मुलं माझ्या बहिणीकडे.
पुस्तक म्हणतं, ओळखपत्र बघ, मर्जी विचार,
मजकुरात नाक खुपसू नकोस.
मी ओळखपत्र बघितलं. मर्जी विचारली.
मग राहवलं नाही. म्हटलं, एकदा वाचून दाखवू का?

मला वाचता येतं, ती म्हणाली,
इतक्या रागानं
की मला बरं वाटलं.

तिनं सही केली, माझ्यासमोर.
मी शिक्का दाबला, हवा तेवढाच, सरळ.
पाच डॉलर होतात. तिनं दिले. मी घेतले.
सतरा नंबर फिरत होता,
कुणाच्या तरी खिशात नाणी राहिली होती,
त्यांचा आवाज पोर कान देऊन ऐकत होतं.